मोनोक्युलर की दोन नळ्यांची दुर्बीण? बडोद्यातल्या वापरासाठी सल्ला हवा

मांडवीकर

नमस्कार मंडळी. घरात एक दुर्बीण घ्यायची आहे आणि जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय, म्हणून इथे विचारते. हिवाळ्यात वढवाणा तलावावर पक्षी बघायला जातो, येता-जाता काळ्या घोड्याच्या पुलावरून विश्वामित्रीतल्या मगरी बघतो, आणि बाबांना कीर्तिमंदिरातली नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आणि तांबेकर वाड्याच्या रंगवलेल्या भिंती बारकाईनं बघायच्या असतात. बाबांना चष्मा आहे, मुलगा सात वर्षांचा. बजेट पाच-सहा हजार.

मोनोक्युलर हलका, पर्समध्ये मावतो, म्हणून तोच घ्यावासा वाटतो. पण '४०x६०' छापलेला मोनोक्युलर हजार-बाराशेला दिसतो आणि नाव असलेल्या कंपनीचा साधा ८x४२ त्याच्या कितीतरी पट किमतीला. आठ पटवाला महाग आणि चाळीस पटवाला स्वस्त, हे गणित काय आहे? आणि एका डोळ्यानं बघून दोन डोळ्यांइतकं दिसतं का?

भिंगवाला

ताई, आधी त्या '४०x६०'चा निकाल लावू, कारण तो लागला की बाकीचं आपोआप सोपं होतं.

पहिला आकडा पॉवर, म्हणजे वस्तू किती पट जवळ आल्यासारखी दिसते. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की आयपीसमधून (डोळ्याला लावायच्या मागच्या भिंगातून) बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते, तिला एक्झिट प्युपिल म्हणतात. ८x४२ ला ती सव्वापाच मि.मी. येते, ८x२५ ला तीनच्या वर थोडी, १०x२५ ला अडीच. आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मि.मी. उघडी असते, अंधारात तरुण माणसाची सातपर्यंत जाते, उतारवयात ती तितकी उघडत नाही. झोत बाहुलीपेक्षा बारीक पडला की चित्र काळपट दिसतं. जाड असला तर जास्तीचा प्रकाश वाया जातो खरा, पण डोळा जरा हलला तरी चित्र काळं होत नाही, आणि हातात धरून बघताना हीच सोय जास्त उपयोगाची.

आता खरोखरचा ४०x६० कसा असेल बघा. झोत दीड मि.मी. एकदम दिसणारा टापू जेमतेम दीड अंश, म्हणजे १०० मीटरवर अडीच-पावणेतीन मीटर रुंदी. हाताचा कंपही चाळीस पट. तिपाईशिवाय त्यातून काहीच धड दिसणार नाही. खिशात मावणाऱ्या ज्या नळीतून जाहिरातीत माणूस उभ्या-उभ्या आरामात बघतोय, ती चाळीस पटची नाही हे तिथेच कळतं. अशा वस्तू प्रत्यक्षात आठ ते दहा पटच्या आसपास निघतात.

खोकं स्वतःच साक्ष देतं. अशा काही खोक्यांवर '१५००मी/९५००मी' असं छापलेलं असतं: साडेनऊ किलोमीटरवर दीड किलोमीटर रुंदीचा टापू. हा कोन सुमारे ९ अंश येतो. ९ गुणिले ४० म्हणजे ३६० अंश. म्हणजे आयपीसला डोळा लावल्यावर स्वतःच्या पाठीमागचंही दिसायला हवं! चांगल्या आयपीसमधून डोळ्याला जाणवणारी रुंदी ५० ते ६५ अंश असते. खोक्यावरचा अंशांतला टापू आणि पॉवर यांचा गुणाकार याच्या फार पुढे गेला की दोनपैकी एक आकडा थाप आहे.

घरी खात्री करायची असेल तर अशी करा. फोकस लांबच्या वस्तूवर ठेवा. पुढच्या भिंगावर काळ्या चिकटपट्टीच्या दोन पट्ट्या अशा लावा की मधली फट बरोबर २० मि.मी. राहील (भिंग लहान असेल तर १०). नळी उजळ आकाशाकडे करा, सूर्याकडे अजिबात नाही. आयपीसच्या मागे सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरवर ट्रेसिंग पेपर धरून पुढे-मागे करा, एक उजळ फट अगदी धारदार दिसेल. तिची रुंदी मोजा. २० ला त्या रुंदीनं भागलं की खरी पॉवर. अडीच मि.मी. भरली तर ८ पट, दोन भरली तर १०. चाळीस पट असती तर फट अर्धा मि.मी. दिसली असती. इतक्या बारीक मापात पाव मि.मी.ची चूकही महागात पडते, म्हणून पट्टी शेजारी ठेवून मोबाइलनं जवळून फोटो काढा आणि मोठा करून मोजा. नुसता प्रकाशाचा गोल मोजून भिंगाच्या व्यासाला भागायचा सल्ला पुष्कळ ठिकाणी असतो, पण आतमध्ये कडं बसवून भिंग लपवलेलं असेल तर त्यानं फसगत होते. पट्टीच्या पद्धतीत ती होत नाही.

लपवलेलं भिंग पकडायचं असेल तर अंधाऱ्या खोलीत, आयपीसपासून मीटरभर मागून मोबाइलचा टॉर्च आत सोडा आणि पुढच्या भिंगाला लागून कागद धरा. कागदावरच्या उजेडाच्या गोलाचा व्यास हा कामाचा व्यास. ६० लिहिलेल्या नळीत तो ३५-४० निघू शकतो.

वढवाणाकाठ

भिंगवाल्यांनी पॉवरचा फुगा फोडला. मी पक्ष्यांच्या बाजूनं सांगतो.

वढवाणा तलाव १९१० मध्ये बडोदे संस्थानानं सिंचनासाठी बांधला, २०२१ पासून तो रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. तलाव मोठा आणि उघडा, त्यामुळे पक्षी दोन अंतरांवर असतात हे ध्यानात ठेवून दुर्बीण निवडावी. काठाजवळ, ३० ते १०० मीटरवर शेकाट्या, तुतवार, चिखले, वारकरी, खंड्या. आणि मधल्या पाण्यात, तीनशे ते सहाशे मीटरवर मोठ्या लालसरींचे आणि इतर बदकांचे थवे.

हिशेब सोपा: अंतराला पॉवरनं भागा. १०० मीटरवरचा शेकाट्या ८ पटमधून साडेबारा मीटरवर उभा असल्यासारखा दिसतो, त्याचे गुलाबी पायसुद्धा नीट दिसतात. ६०० मीटरवरचं बदक ८ पटमधून ७५ मीटरवर, १० पटमधून ६० मीटरवर. निरोगी डोळा एका कलेपर्यंतचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) तपशील वेगळा करू शकतो. ७५ मीटरवर एक कला म्हणजे जवळजवळ दोन सेंटीमीटर. मोठ्या लालसरीच्या नराचं केशरी डोकं आणि लाल चोच कळेल, पण तपकिरी माद्या एकमेकींपासून ओळखायच्या तर घामच फुटेल. आणि बघा, आठाऐवजी दहा घेतल्यानं ही अडचण सुटत नाही. ती सुटते स्पॉटिंग स्कोपनं: ३० पटवर तेच बदक २० मीटरवर येतं. पण स्कोप म्हणजे दीड किलोच्या आसपासचं नळकांडं अधिक भक्कम तिपाई, आणि तुमच्या बजेटच्या कितीतरी बाहेर. शिवाय २०-६०x६५ स्कोपची ६० पट ही बहुतेक वेळा कागदावरच राहते. झोत एक मि.मी.वर येतो, आणि ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते. हिवाळ्यातही सकाळी दहा-साडेदहानंतर तीस पटच्या पुढे नुसती उकळती हवा मोठी करून बघणं होतं. तिथे महागडी काचही काही करू शकत नाही. सकाळी लवकर पोचा आणि सूर्य पाठीशी राहील असा काठ धरा.

आता एक डोळा की दोन. दोन्ही डोळ्यांनी बघताना मेंदू दोन चित्रं एकत्र करतो, त्यामुळे फिकट-गडद फरक ओळखण्याची ताकद सुमारे १.४ पट होते. उन्हात हे जाणवत नाही. झुंजुमुंजू असताना वेतात बसलेली पाणकोंबडी शोधताना चांगलंच जाणवतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे थकवा. एक डोळा मिटून थवा न्याहाळायला लागलं की पाच-सात मिनिटांत मिटलेल्या डोळ्याभोवतीचे स्नायू दुखतात आणि उघड्या डोळ्यालाही अंधारी येते. दोन नळ्यांची दुर्बीण दोन हातांत, दोन्ही भुवयांना टेकून धरली जाते, म्हणून कंपही कमी. मोनोक्युलर एका हातात, एका भुवईला टेकलेला.

माझं मत सरळ आहे. एका जागी बसून अर्धा तास बघायचं असेल तर दोन नळ्या. चालता-चालता "ते काय बसलंय तिथे?" एवढंच बघायचं असेल तर मोनोक्युलर. वढवाणा हे पहिल्या प्रकारचं काम आहे.

फतेगंजी

मगरींसाठी एवढं काय! पुलावरून खाली बघा, काठावर ऊन खात पडलेली असते. चष्मा पुसला तरी पुरे.

भिंगवाला

@फतेगंजी, पाण्यात नुसते डोळे आणि नाकपुड्या वर असतात तेव्हा चष्मा पुसून भागत नाही. पण बरोबर आहे, पुलावरून अंतर कमीच असतं, तिथे ६ पटही चालेल. फक्त पुलावरून वाहनं जाताना कठडा थरथरतो; कोपर कठड्यावर टेकून बघितलं तर चित्र आणखी हलतं. कोपर बरगड्यांना लावा.

@वढवाणाकाठ, दोन नळ्यांचा एक दोष तुम्ही सोडलात, आणि स्वस्त मालात तोच सगळ्यात मोठा. दोन्ही नळ्या एकमेकींना समांतर नसतील तर दोन चित्रं जुळत नाहीत. फरक मोठा असला तर दोन-दोन दिसतं आणि माणूस लगेच परत करतो. फरक थोडा असला तर डोळे ओढून-ताणून जुळवून घेतात आणि वीस मिनिटांनी कपाळ ठणकतं. लोकांना वाटतं आपल्याला दुर्बीण सोसत नाही. एकदा हातातून पडली की आतला प्रिझम (प्रकाश वळवणारी काच) सरकून हे होऊ शकतं. मोनोक्युलरमध्ये जुळवायला दुसरी नळीच नाही! म्हणून अगदी कमी पैशांत बरा मोनोक्युलर मिळण्याची शक्यता बऱ्या दुर्बिणीपेक्षा जास्त.

तपासायचं असं: लांबची आडवी तार किंवा गच्चीचा कठडा बघा. दुर्बीण डोळ्यांपासून सावकाश वीतभर लांब न्या, नजर तारेवरच ठेवा. दोन गोलांत तार एकाच उंचीवर दिसायला हवी. एकात वर, एकात खाली म्हणजे ती दुर्बीण नको.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगतो. सरळ नळीचे मोनोक्युलर बहुतेक रूफ प्रिझमचे असतात. रूफ प्रिझमच्या छपरासारख्या दोन उतारांवरून प्रकाश दोन वाटांनी जातो, आणि त्या दोन वाटांच्या लहरींमध्ये फरक पडून चित्राची धार बोथट होते. त्यावर फेज कोटिंग, म्हणजे प्रिझमवरचा एक खास थर, हा उपाय, तो स्वस्त मालात नसतो. शिवाय नेहमीच्या रूफ प्रिझमच्या एका पृष्ठभागावर आरशासारखा मुलामा द्यावा लागतो. तो ॲल्युमिनियमचा असेल तर तिथे दहा टक्क्यांच्या आसपास प्रकाश जातो, चांदीचा असेल तर कमी, डायइलेक्ट्रिक (धातूऐवजी पातळ पारदर्शक थरांचा) असेल तर जवळजवळ काहीच नाही. जुन्या पद्धतीची, नळ्या पुढे फाकलेली पोरो प्रिझमची दुर्बीण या दोन्ही कटकटींपासून मुक्त असते. इग्नाझिओ पोरोनं १८५४ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना अजून कमी किमतीत सर्वांत जास्त काच देते. म्हणून तुमच्या बजेटच्या आसपासची ८x४० पोरो दुर्बीण त्याच किमतीच्या रूफ दुर्बिणीपेक्षा धारदार दिसते. दोष म्हणजे जाडजूड, सातशे ग्रॅमच्या पुढे-मागे वजन, आणि पुष्कळ मॉडेलं पाण्यापासून सुरक्षित नसतात.

कोटिंगबद्दल थोडंच. काच आणि हवा जिथे भेटतात अशा प्रत्येक पृष्ठभागावर साध्या काचेत ४ टक्के प्रकाश परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग धरले तर आत आलेल्या प्रकाशातला एक-तृतीयांश गेला. चांगल्या मल्टिकोटिंगनं हा तोटा पृष्ठभागामागे अर्ध्या टक्क्याच्या आत येतो. 'फुली मल्टिकोटेड' म्हणजे सगळ्या पृष्ठभागांवर. नुसतं 'कोटेड' म्हणजे कुठेतरी एक थर. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पुढच्या भिंगात बघा: हिरवट-जांभळी, मंद प्रतिबिंबं चांगली, त्यात एखादं पांढरं शुभ्र दिसलं तर तो पृष्ठभाग कोरा आहे. माणकासारखं लालभडक कोटिंग मात्र टाळा, ते तांबडा प्रकाश परत पाठवतं आणि सगळं निळसर-हिरवं दिसतं. आणि खोक्यावरचं 'डे-नाइट व्हिजन' हे निव्वळ शब्द आहेत. रात्री दिसणारी उपकरणं वेगळ्याच तंत्राची, बॅटरीवर चालणारी असतात.

भित्तिचित्र

इथे सगळे पक्ष्यांमागे लागलेत, बाबांची गोष्ट राहिलीच. चित्रं बघायला मोनोक्युलरच हवा, दोन नळ्यांची नेहमीची दुर्बीण नको, आणि याला ठोस कारण आहे.

दोन नळ्यांमधलं अंतर आपल्या डोळ्यांइतकं, साधारण सहा-साडेसहा सेंटीमीटर, पोरोत तर त्याहून जास्त. नळ्या समांतर असतात. वस्तू दीड मीटरवर आली की दोन्ही नळ्या भिंतीवरच्या वेगवेगळ्या जागा बघतात. एका चित्रासाठी डोळे तिरळे करावे लागतात. शिवाय ८x४० पोरो दुर्बिणीचा जवळचा फोकस पुष्कळदा चार-पाच मीटरच्या आत येतच नाही. जवळ फोकस करताना पुढची भिंगं एकमेकांकडे सरकणाऱ्या खास दुर्बिणी असतात, पण त्या वेगळ्या. मोनोक्युलरला ही भानगडच नाही. ४x१२ किंवा ६x१६ अशा छोट्या नळ्या अर्धा मीटर, काही तर त्याहूनही जवळ फोकस होतात.

कीर्तिमंदिरात चित्रं उंचावर आहेत, तीन-चार मीटर तरी अंतर राहतं. तिथे ६ पट छान. गंगावतरणातली बारीक रेघ, रंगाचे थर, पोपडे, सगळं दिसतं. तांबेकर वाड्यात उलट स्थिती: खोल्या अरुंद, चित्रं दारा-खिडक्यांच्या मधल्या जागेत, आपण भिंतीपासून हात-दोन हातांवर, आणि उजेड कमी. तिथे ४ पटच बरी. ४x१२ चा झोत तीन मि.मी. येतो, तेवढा हवाच. १०x२५ तिथे अंधारेल, आणि बहुधा फोकसही होणार नाही. कमाटीबागेतल्या संग्रहालयात काचेमागची लघुचित्रं बघताना हीच नळी उपयोगी पडते. काचेला टेकवू नका, जरा तिरपी धरा म्हणजे स्वतःचं प्रतिबिंब आड येत नाही.

घेताना 'किमान फोकस अंतर' हा आकडा विचारा. पुष्कळ जण फक्त पॉवर विचारतात आणि मग तक्रार करतात की जवळचं धूसर दिसतं. फोकस फिरवायचा प्रवासही बघा: पाऊण-एक फेरीत जवळपासून लांबपर्यंत जायला हवा. दोन-अडीच फेऱ्या मारायला लागणारी नळी चित्रांना ठीक, पक्षी मात्र उडून जाईल.

एक सांगून ठेवते. अशाच ४x१२, ६x१६, ८x२० नळ्या कमी दिसणाऱ्या माणसांना डोळ्यांचे डॉक्टर लांबचं वाचायला देतात: बसचा नंबर, दुकानाची पाटी, फळा. बाबांची नजर अधू असेल तर चित्रांखेरीज हाही उपयोग आहे.

मांडवीकर

सगळ्यांचे आभार. म्हणजे एका वस्तूत तिन्ही कामं होणार नाहीत असं दिसतंय. बाबांच्या चष्म्याचं काय? काढून बघावं का? त्यांचा प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. आणि मुलाला दुर्बिणीत "दोन गोल दिसतात" असं तो शेजाऱ्यांकडची बघून म्हणाला. मोबाइल लावून फोटो निघतात का?

दांडियाबाजारकर

चष्म्याचं मी सांगतो.

बाबांचा नंबर नुसता जवळचा-लांबचा असेल तर चष्मा काढून बघता येतं, फोकस तो फरक भरून काढतो. सिलिंडर, म्हणजे ॲस्टिग्मॅटिझम, जास्त असेल तर फोकस काही करू शकत नाही; चष्मा हवाच. चष्म्यासकट बघायचं तर 'आय रिलीफ' हा आकडा महत्त्वाचा: आयपीसपासून किती मागे डोळा ठेवून पूर्ण गोल दिसतो. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मि.मी.वर असते, म्हणून १५ च्या खाली नको, १६-१७ उत्तम. खिशातल्या छोट्या मोनोक्युलरना आणि कमी किमतीच्या पोरो दुर्बिणींना तो बऱ्याचदा १० ते १२ च असतो. अशातून चष्मेवाल्याला मधलाच भाग दिसतो, किल्लीच्या भोकातून डोकावल्यासारखा. डोळ्याभोवतीची रबरी वाटी चष्मा असताना दुमडायची किंवा फिरवून आत घालायची, नसताना बाहेर काढायची. हे न कळल्यानं कित्येक जण "काळं-काळं दिसतं" म्हणतात. प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून बघताना हनुवटी किंचित खाली, म्हणजे नजर वरच्या, लांबच्या भागातून जाते.

मुलाचं: त्याच्या डोळ्यांमधलं अंतर अजून कमी आहे. पुष्कळ दुर्बिणी ५६ मि.मी.पेक्षा जवळ मिटत नाहीत. सात वर्षांच्या मुलाचं अंतर त्याहून कमी असू शकतं. म्हणून दोन गोल. त्याला मोनोक्युलर द्या, किंवा पुढची भिंगं आतल्या बाजूला असलेली लहान उलटी-पोरो दुर्बीण. ती जास्त मिटते. एवढ्या वयात ६ किंवा ८ पटच्या वर नको, टापू अरुंद झाला की मुलांना वस्तू सापडतच नाही. आणि त्याला पहिल्याच दिवशी पाठ करून घ्या: दुर्बीण सूर्याकडे कधीही नाही, क्षणभरसुद्धा नाही. डोळ्याच्या आतला पडदा जळतो आणि जळताना दुखत नाही.

एका डोळ्यानं बघताना दुसरा मिटू नका हे बाबांनाही सांगा. दोन्ही उघडे ठेवा, मोकळ्या डोळ्यासमोर तळहात धरा. थोड्या सवयीनं तळहातही लागत नाही. कोणता डोळा लावायचा हे ठरवायला दोन्ही तळहातांची छोटी खिडकी करून लांबची वस्तू तिच्यात धरा, आळीपाळीनं एकेक डोळा झाका. जो डोळा उघडा असताना वस्तू खिडकीतच राहते, तो लावा. पण मोतीबिंदू किंवा दुसऱ्या कारणानं त्या डोळ्याला कमी दिसत असेल तर हा नियम सोडा, चांगला डोळा वापरा.

वढवाणाकाठ

मोबाइलबद्दल: निघतात, पण अपेक्षा बेताच्या ठेवा. मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण २४-२६ मि.मी.च्या लेन्सइतका रुंद बघतो. आयपीसचा गोल त्याच्यापुढे लहान पडतो, म्हणून मधे गोल आणि भोवती काळं. २x वर घ्या, काळं बहुतेक जातं. ८ पटच्या नळीला २६ मि.मी.चा कॅमेरा म्हणजे सुमारे २०८ मि.मी.ची लेन्स, २x वर ४१६. त्या मानानं ८३ पट ऑप्टिकल झूमचे कॅमेरे २००० मि.मी.पर्यंत जातात. फोटो हाच हेतू असेल तर पैसे तिकडे घाला, दुर्बिणीत नको.

अडचणी दोन येतात. मोबाइल स्वतःहून दुसऱ्या लेन्सवर उडी मारतो आणि पडदा काळा होतो, तेव्हा प्रो मोडमध्ये लेन्स पक्की करा. दुसरं म्हणजे क्लिप: लेन्सचा मध्य आणि आयपीसचा मध्य एक-दीड मि.मी. चुकला की एका बाजूला चंद्रकोरीसारखी काळी सावली येते. रबरी वाटी खाली करा, क्लिप आधी मोबाइलवर नीट बसवा, मग नळी लावा. नळीला तिपाईचा आटा असला तर उत्तम, नसला तर झाडाच्या बुंध्याला टेकवा, आणि दोन सेकंदांचा टायमर.

तुमच्यासाठी माझी निवड, ताई: वढवाण्यासाठी ८x४० च्या आसपासची दुर्बीण, आय रिलीफ १५ च्या वर मिळाली तर तीच. पैसे उरले तर बाबांसाठी जवळ फोकस होणारी ४ किंवा ६ पटची छोटी नळी, तीच मुलाची आणि पर्समधली. एकच घ्यायची सक्ती असेल तर...

भित्तिचित्र

...तर छोटी नळी! वढवाण्याला वर्षातून किती वेळा जाणं होणार? पर्समधली नळी रोज बरोबर असते.

वढवाणाकाठ

इथे आपलं जमणार नाही. :)  मी ८x३२ किंवा ८x४० दुर्बीण म्हणेन. ८-२४x असला झूम मोनोक्युलर मात्र दोघांपैकी कुणाच्याच सांगण्यावरून घेऊ नका. कमी पॉवरवर त्याचा टापू अरुंद, जास्त पॉवरवर चित्र अंधारं, आणि हलत्या भिंगांमुळे धार दोन्हीकडे कमी.

भिंगवाला

पावसाळ्याचं राहिलं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर काचेवर बुरशी धरते, आधी कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत कपाटात ठेवली की नक्की. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, रंग बदलला की पुड्या सुकवा. नायट्रोजन भरलेली, ओ-रिंगवाली (सांध्यांना रबरी कडी असलेली) असेल तर आतून धोका कमी, पण बाहेरच्या काचेवर बुरशी येतेच. काच पुसायची तर आधी फुग्यानं धूळ उडवा, मग मऊ ब्रश, आणि शेवटी लेन्सचा कागद किंवा मायक्रोफायबर. ओढणीनं किंवा शर्टाच्या टोकानं पुसली की धुळीतली वाळू कोटिंगवर ओरखडे पाडते.

दुकानात बघायला गेलात तर आतल्या ट्यूबलाइटखाली निवडू नका, दाराबाहेर या. समोरच्या इमारतीवरची पाटी वाचा, मग ती गोलाच्या कडेला न्या. मधे धारदार आणि कडेला थोडी धूसर चालेल, पण मधेच धूसर असेल तर नको. पांढऱ्या आकाशासमोरची काळी तार बघा, तिच्या कडेला जांभळी-हिरवी किनार किती येते ते पाहा. ऑनलाइन मागवलीत तर परत करायची मुदत संपायच्या आत वर दिलेली २० मि.मी.ची पट्टीची चाचणी करा, आणि मोजमापाचा फोटो ठेवा. पैसे परत मागताना तोच कामी येतो.